चाळीस मुलं आणि एक चेंडू

बुधवारचा चौथा तास. सातवी 'ब', पीटी. घंटा होते आणि ३५ मिनिटांचा तास सुरू होतो. रांग करून जिना उतरून मैदानावर यायला ४ मिनिटं. हजेरीला ३. सावधान-विश्राम आणि हातपाय हलवण्याच्या ठरलेल्या प्रकारांना ६. मग दोन कप्तान निवडायचे, 'हा माझा, तो तुझा' करायचं, त्यावर हुज्जत घालायची, यात ३. शेवटी नळावर पाय धुऊन, पाणी पिऊन वर जायला ४. बेरीज २०. उरली १५ मिनिटं, ४० मुलं आणि एक फुटबॉल.

१५ मिनिटं म्हणजे ९०० सेकंद. ४० जणांत सारखे वाटले तर प्रत्येकाच्या पायाशी चेंडू २२ सेकंद. सारखे वाटले जात नाहीत, हे वेगळं सांगायला नको. पाच-सहा मुलं 'हांगा दी रे!' (इकडे दे रे) म्हणत चेंडूमागे धावतात, दहा-बारा त्यांच्यामागे, आणि बाकीची फणसाच्या सावलीत चिऱ्यांच्या कुंपणाला टेकून उभी असतात. विचारलं तर ती 'डिफेन्स'ला असतात. मुलींचा एक घोळका त्याहून पलीकडे, दोरीउड्यांची एकुलती एक दोरी हातात धरून गप्पा मारत. तास संपतो, शर्ट घामाने भिजलेली आठ मुलं वर येतात, आणि 'मुलं छान खेळली' असा सगळ्यांचा समज होतो.

शारीरिक शिक्षणाचा तास चांगला झाला की नाही, हे ओळखायची माझी कसोटी साधी आहे. गोल कोणी मारला हे बघायचं नाही. वर्गात धावण्यात शेवटून तिसरा जो मुलगा किंवा मुलगी असेल, तिच्यावर घड्याळ लावायचं. ३५ मिनिटांपैकी किती मिनिटं ती खरोखर हलली? उत्तर १५च्या वर असेल तर शिक्षकाला काम येतं. ३ असेल तर तो नुसता मधल्या सुट्टीचा जोडभाग आहे, फक्त शिट्टी जास्त.

गोव्यात ही कसोटी लावणं थोडं अप्रिय होतं, कारण खेळाचा आम्हाला अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. १८८३ साली फादर लायन्स यांनी शिवोलीत फुटबॉल आणला असं सांगतात. तेव्हापासून सरदाचं, म्हणजे पावसाळी, भात कापून झालं की शेतात गोल उभे राहतात. ब्रह्मानंद शंखवाळकर, ब्रुनो कुतिन्हो ही अर्जुन पुरस्कार मिळवलेली मंडळी याच मातीतली. २०१४ साली लुसोफोनिया स्पर्धा झाल्या, २०२३ मध्ये २६ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर या काळात ३७वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाली. फातोर्डा, बांबोळी, पेडे, नावेली, ताळगाव, एवढ्याशा राज्यात एवढी स्टेडियमं. दहावी-बारावीला खेळाडूंना क्रीडागुणही मिळतात. पण हे सगळं आधीच धावणाऱ्या मुलासाठी आहे. क्रीडा आणि शारीरिक शिक्षण या दोन गोष्टी आपण इतक्या सहज एक करून टाकल्या की शाळेच्या संघाने तालुक्यात कप मारला की उरलेल्या मुलांचाही हिशोब चुकता झाला, असं वाटायला लागतं.

याचं मूळ कवायतीत आहे. १९५४ साली केंद्राने राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली ती आझाद हिंद सेनेतले जनरल जगन्नाथराव भोसले यांच्या पुढाकाराने. भोसले आपल्या शेजारचेच, सावंतवाडीकडच्या तिरोड्याचे. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावण्यांत वाढणाऱ्या मुलांना वळण लागावं हा तिचा हेतू होता, आणि त्या काळाला तो शोभणाराही होता. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता. मुक्तीनंतर इथल्या शाळांतही 'एक-दो-तीन-चार' रुजलं ते अजून आहे. कवायतीत वाईट काही नाही. मात्र तिच्यात मूल दुसऱ्याच्या हुकमावर हलतं, स्वतः काही ठरवत नाही. चेंडू कुठे पडेल, कुठल्या पायावर वळावं, कोणाला द्यावा, हे ठरवायला शिकवतं ते शारीरिक शिक्षण. २०२०चं शैक्षणिक धोरण आणि त्यानंतरचा २०२३चा अभ्यासक्रम आराखडा या दोन्हींनी शारीरिक शिक्षणाला इतर विषयांच्या पंगतीत बसवलं आहे. कागदावर बसवलं आहे, असं म्हणू. वेळापत्रकात मात्र 'पोर्शन संपायचा आहे' म्हणून सर्वात आधी जातो तो हाच तास, आणि गणिताच्या टीचरना तो देताना पीटी सरांचाही चेहरा कधी कधी सुटल्यासारखा होतो.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते, आणि आठवड्यातून निदान ३ दिवस हाडं-स्नायूंना जोर देणारी. आठवड्याच्या दोन तासांत हे भरून निघणार नाही. म्हणून शाळेच्या तासाचं काम ६० मिनिटं भरणं हे नाहीच. शाळेबाहेर, संध्याकाळी, पुढे चाळिशीतही ज्याला हलावंसं वाटेल आणि हलता येईल असं अंग तयार करणं, हे ते काम. ज्याला चेंडू झेलता येत नाही तो बारा वर्षांचा झाला की खेळायला बोलावलं तरी येत नाही. आळस नसतो तो. हसं होईल ही धास्ती असते.

आता त्या २० मिनिटांकडे परत येऊ. हजेरी मैदानावर उभं राहून घ्यायची गरज नाही. मुलं दोन फेऱ्या हळू धावत असताना वहीत खुणा करता येतात. संघ कप्तानांनी निवडायचे नाहीत. शेवटी उरणाऱ्या मुलाची ती रोजची जाहीर बेइज्जती असते, शिवाय वेळ खाते. हजेरी क्रमांकाला पाचने भागून उरेल तो गट: १, ६, ११, १६... एका गटात. दुसऱ्या आठवड्यात १ ते ८, ९ ते १६ असे सलग आठ-आठ घ्या, गट बदलतात. खुणेचे कोन, चेंडू, पट्टे आधीच्या तासालाच ठेवलेले असावेत. एवढ्याने ५-६ मिनिटं परत मिळतात.

मग चेंडू. ४० जणांत एक चेंडू असण्याऐवजी चौघांविरुद्ध चौघे, असे पाच खेळ. प्रत्येकाला २० बाय १२ मीटरची जागा पुरते. मैदान अपुरं असेल तर तीन खेळ फुटबॉलचे, दोन गट दुसऱ्या कामाला. गोलकीपर नाही. एक मीटर अंतरावर दोन दप्तरं म्हणजे गोल. चेंडू ४ नंबरचा, कारण १२ वर्षांपर्यंतच्या पायाला ५ नंबरचा जड जातो. त्याहून लहानांना ३ नंबरचा. याच ९०० सेकंदांत आता प्रत्येकाच्या वाट्याला ११२ सेकंद येतात, आणि आठ जणांत लपायला जागा नसते. पाच चेंडू कुठून आणायचे, हा प्रश्न हमखास येतो. वार्षिक क्रीडादिनाच्या ट्रॉफ्यांवर होणारा खर्च एक वर्ष निम्मा करून बघावा.

जाता जाता: मैदानात चाकाचे किंवा उचलून ठेवायचे लोखंडी गोल असतील तर ते मागच्या बाजूने जमिनीला खिळवलेले किंवा वाळूच्या पोत्यांनी दाबलेले हवेत. मूल आडव्या दांडीला लटकतं आणि सगळा गोल पुढे अंगावर येतो. जगभर मुलं याने दगावली आहेत. आणि रेषा आखायच्या फक्कीसाठी भिजवलेल्या चुन्याची भुकटी वापरू नये. ओल्या डोळ्यात गेली तर भाजते. खडूची किंवा चुनखडीची पूड वापरावी. पांढरी तीही तितकीच दिसते.

आपले देशी खेळ आणले की सगळं सुधारेल, असंही एक मत आहे. खो-खो बघू. नियमाप्रमाणे मैदानात ८ बसलेले, १ धावणारा, आणि समोरचे ३ पळणारे, म्हणजे एकूण १२. त्यातले एका वेळी खरे धावणारे ४. ४० जणांच्या वर्गात उरलेले २८ रेषेबाहेर बसून ओरडतात. शिवाय पळणाऱ्यांत जो मंद, तो पहिल्या वीस सेकंदांत बाद होऊन बाहेर येतो. ज्याला पळण्याचा सराव सर्वात जास्त हवा त्यालाच खेळ सर्वात आधी हाकलतो. 'बाद' हा शब्द असलेल्या प्रत्येक खेळाची वर्गात हीच अडचण आहे. स्पर्धेत तो नियम ठीक, शिकवताना घातक.

म्हणून खो-खो मोडून लहान करायचा. ५ बसलेले, १ धावणारा, २ पळणारे, असे आठ. चौकोन ३० बाय ३० सेंटीमीटरचे, एकमेकांपासून २ मीटरवर. दोन टोकांना आणखी २-२ मीटर सोडून खांबाच्या जागी उंच कोन. लांबी १२ मीटर, रुंदी ६. अशी पाच मैदानं शेजारी शेजारी, मध्ये २ मीटर मोकळे ठेवून, ३८ मीटरांत बसतात. पाळी ९० सेकंदांची. पळणारा पकडला गेला तर बाहेर जात नाही, लगेच एका चौकोनात बसतो आणि तिथला उठून पळणारा होतो. गुण पकडीचे मोजायचे, माणसं कमी करायची नाहीत.

चुकतं कुठे, तर खो देण्यात. मुलं पाठीवर थाप मारत नाहीत, ढकलतात. बसलेला तोंडावर पडतो, आणि आपल्या तांबड्या खडीच्या जमिनीवर पडणं म्हणजे तळहात सोलणं. ते दोन गोष्टींनी थांबतं. एक, 'खो' हा उच्चार आणि हात लागणं एकाच क्षणी व्हायला हवं, हे आधी चालत चालत, मग धावत करून घ्यायचं. दोन, बसण्याची ढब. दोन्ही टाचांवर आरामात बसलेलं मूल उठताना आधी मागे झुकतं. एक पाय पुढे, दुसरा वीतभर मागे चवड्यावर, दोन्ही हातांची बोटं जमिनीला टेकलेली, नजर समोर: शंभर मीटरच्या धावपटूची सुरुवात थोडी आखडून घेतली की हीच ढब होते. या एका बदलाने पहिली तीन पावलं किती झपाट्याने पडतात ते मुलांना स्वतःलाच कळतं. खांबावर झेप घ्यायला मऊ माती असेल तिथेच शिकवावं. चिऱ्यांच्या मैदानावर झेपेचं नावही काढू नये.

खेळापेक्षाही खाली, पायाशी, काही मूळ हालचाली असतात: धावणं, उडी मारून उतरणं, फेकणं, झेलणं, लाथ मारणं, तोल सांभाळणं. पाचवीपर्यंत या बसल्या नाहीत तर पुढचा कुठलाही खेळ बसत नाही. त्यातली फेक घेऊ, कारण तीत काय चुकतं ते लांबूनही दिसतं.

उजव्या हाताने फेकणारं न शिकलेलं मूल समोर तोंड करून उभं राहतं, उजवाच पाय पुढे टाकतं आणि कोपर खाली ठेवून चेंडू ढकलतं. भाला टोचल्यासारखं. जोर खांद्यातून येतो आणि खांद्यातच संपतो. नीट फेकीत तिरकं उभं राहायचं, डावा खांदा लक्ष्याकडे. डाव्या हाताने लक्ष्याकडे बोट दाखवायचं. चेंडू मागे, कोपर खांद्याच्या उंचीला. डावं पाऊल पुढे पडतं, मग कंबर वळते, मग छाती, मग कोपर, आणि शेवटी मनगट. हात सुटल्यावर डाव्या मांडीकडे उतरतो. हे सगळं एकदम सांगितलं तर मूल गोठतं. एका तासाला एकच सूचना द्यायची. पहिल्या तासाला फक्त पाऊल: समोर फक्कीचा एक ठिपका काढायचा आणि 'डावा पाय ठिपक्यावर' एवढंच. डावखुऱ्यांना उजवा, ते कोण आहेत हे आधी विचारून ठेवायचं, नाहीतर त्यांची आयुष्यभराची फेक आपणच बिघडवतो.

शिक्षकाची नेहमीची चूक म्हणजे तीन मीटरवर डबा ठेवून 'नेम धर' म्हणणं. जवळच्या लक्ष्याला पूर्ण फेक लागतच नाही, म्हणून मूल ढकलण्यावर परत येतं. सुरुवातीला नेम नको, जोर हवा: जितक्या लांब जाईल तितकी फेक, १५ मीटरवर भिंत, 'भिंतीचा आवाज आला पाहिजे'. नेम मागाहून येतो. चेंडू नसतील तर जुन्या मोज्यात चिंध्या कोंबून गाठ मारावी. वाळू भरू नये, ओली झाली की खांदा धरतो. कुठल्याही गावात बघा, कैऱ्या पाडत वाढलेल्या मुलाची फेक शिकवावी लागत नाही. मुलींची फेक मागे पडते ती नुसती शरीरामुळे नव्हे. त्यांना कोणी आंब्याखाली दगड घेऊन उभं राहू दिलं नाही, म्हणूनही. आठवड्याला शंभर फेकी मिळाल्या की दोन-तीन महिन्यांत फरक दिसायला लागतो.

उडीचंही असंच. मुलं वर कशी जातात हे सगळे बघतात, खाली कशी येतात हे कोणी बघत नाही. उतरताना आवाज होता कामा नये, गुडघे पावलांच्या बोटांच्या रेषेत वाकले पाहिजेत, आत एकमेकांकडे वळता कामा नयेत. गुडघे आत वळणाऱ्या मुलींना पुढे गुडघ्याच्या आतल्या सांधेबंधाची दुखापत होण्याचा धोका जास्त. फिफाने ७ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी '११+ किड्स' नावाचा वॉर्म-अप तयार केला आहे: ७ व्यायाम, १५-२० मिनिटं. युरोपातल्या चार देशांत तो तपासला तेव्हा दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. ३५ मिनिटांच्या तासात तो पूर्ण बसणार नाही, पण एका पायावर तोल, उडी-उतरणं आणि पडताना लोळून जाणं एवढं तरी आळीपाळीने बसतं. थंड अंगाने पाय ताणून मिनिटभर थांबण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा हे बरं. तेवढा वेळ ताणून धरलेला स्नायू काही काळ उलट ढिला पडतो.

मोजमापाबद्दल मात्र सावध राहावं. फिट इंडिया चळवळ २०१९ साली सुरू झाली, आणि खेलो इंडियाच्या चाचण्या शाळांत आल्या. लहानांना उंची-वजन, एका पायावर तोल आणि दोन चकत्यांवर हात आपटण्याची चाचणी. नऊ वर्षांपुढे ५० मीटर, ६०० मीटर, बसून पुढे वाकणं, पोटाच्या उठाबशा, दंड. चाचण्या बऱ्या आहेत. त्या घ्यायच्या कशा, यावर सगळं आहे.

६०० मीटरचंच बघा. शाळेचं अंगण ३० बाय २० मीटर, म्हणजे परीघ १०० मीटर, सहा फेऱ्या. छान हिशोब, आणि चुकीचा. मूल कोनांना चिकटून धावत नाही. ३० सेंटीमीटर बाहेरून धावलं तरी प्रत्येक फेरीला सुमारे १.९ मीटर वाढतात, सहा फेऱ्यांत ११. गर्दीत एक मीटर बाहेर ढकलला गेला तर त्याने ६३८ मीटर धाव घेतली, आणि तो धट्टाकट्टा असूनही 'कमी' ठरला. वर २४ काटकोनी वळणं. प्रत्येक वळणाला थांबून पुन्हा वेग घ्यावा लागतो. बांबोळीच्या ट्रॅकवर धावलेल्या मुलाच्या वेळेशी ही वेळ ताडून बघण्यात अर्थ नाही. कोपरे गोल करावेत, एका वेळी आठांपेक्षा जास्त सोडू नयेत, आणि मुलाची वेळ फक्त त्याच्याच मागच्या वेळेशी, त्याच अंगणात, त्याच घटिकेला ताडावी. त्याआधी वेगाचा अंदाज शिकवावा लागतो, कारण पहिली फेरी सुसाट आणि तिसरीत पोटात कळ हे ठरलेलं. शिट्टी दर ४० सेकंदांनी. शिट्टी वाजेल तेव्हा नेमकं सुरुवातीच्या कोनाशी असायचं, आधीही नाही, नंतरही नाही. लवकर पोचणाऱ्यालाही चूक धरायची. मुलांना हा खेळ फार आवडतो.

वजन मात्र सगळ्यांसमोर करू नये. पडद्याआड, एकेकाला, आकडा मोठ्याने न वाचता. आणि मोठ्यांचा बीएमआयचा (उंचीच्या मानाने वजनाचा) २५चा आकडा मुलांना लावू नये; मुलांचा बीएमआय वय आणि मुलगा-मुलगी यांप्रमाणे तक्त्यावरच वाचायचा असतो.

जूनपासून हे सगळं पाण्यात जातं. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जूनपासून चवथीच्या आगेमागेपर्यंत. म्हणजे वर्षातला तिसरा हिस्सा 'पाऊस आहे, वर्गातच बसा'. हा तास गेला असं धरणं हीच मोठी चूक. व्हरांड्यात किंवा वर्गाच्या कडेने आठ ठिकाणं मांडायची, प्रत्येकी पाच मुलं. ३० सेकंद काम, २० सेकंद बदल. एक चक्र ६ मिनिटं ४० सेकंदांचं, तीन चक्रं बरोबर २० मिनिटांत. भिंतीला पाठ टेकवून अधांतरी खुर्ची, भिंतीवर दंड, प्लँक, जिन्याच्या खालच्या पायरीवर चढउतार, एका पायावर उभं राहून झेल, बसून पुढे वाकणं, दोरीशिवाय दोरीउड्या, जागच्या जागी गुडघे उचलून धावणं. वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर उड्या काढून टाकाव्यात, नाहीतर खालच्या वर्गातले टीचर पाच मिनिटांत दारात. व्हरांड्याच्या फरश्या ओल्या असतात. आधी पुसून घ्यायच्या, आणि ओल्या मोज्यांवर कोणाला हलू द्यायचं नाही. अनवाणी किंवा बूट, मधलं काही नाही. दोरी असेल तर तिची लांबी: मध्यावर पाय ठेवून ताणली की मुठी काखेपर्यंत याव्यात. सिमेंटवर एका दमात ६०-७० उड्या पुरे. त्यापुढे नडगीचं हाड दुखायला लागू शकतं.

चिखलातला फुटबॉल बंद करा असं मी म्हणणार नाही. त्याच्यासारखी मजा नाही. फक्त पायाला जखम असलेल्याला साचलेल्या पाण्यात उतरवू नये आणि नंतर साबणाने धुणं सक्तीचं. लेप्टो या तापाचा जंतू उंदरांच्या, गुरांच्या मुतातून त्या पाण्यात येतो. पुढच्या दोनेक आठवड्यांत ताप आणि पोटऱ्या दुखणं असं काही झालं तर 'चिखलात खेळला होता' हे डॉक्टरांना सांगायला हवं. वीज चमकली की मोजायचं: चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर म्हणजे ढग दहाएक किलोमीटरच्या आत. मैदान रिकामं, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटांनी परत. फणसाखाली तर मुळीच थांबायचं नाही. मेच्या अखेरीस आणि ऑक्टोबरच्या दुपारी हे हमखास लागतं.

एप्रिलचा प्रश्न नवा आहे. २०२५ पासून वरच्या वर्गांचं शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊ लागलं. इथली हवा दमट, घाम येतो पण वाळत नाही, नुसता टपकतो. आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. अंगाला उन्हाची सवय व्हायला १०-१४ दिवस लागतात, म्हणून पहिले दोन आठवडे धावणं निम्मं. दर १५ मिनिटांनी सावलीत पाणी. मूल चक्कर आली म्हणालं तर सावली आणि पाणी सहसा पुरतं. असंबद्ध बोलायला लागलं तर अंगावर पाणी ओतून वारा घालायचा आणि १०८ला फोन. रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी ओतणं थांबवायचं नाही.

पाय मुरगळला की तेल लावून चोळायची आपल्याकडे जुनी खोड. पहिले दोन दिवस चोळणं नाही, शेकणं नाही. बर्फ कापडात गुंडाळून १५ मिनिटं, पट्टी, पाय उंच. मुलाला चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावरच दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे. वाढत्या वयात हाडाच्या टोकाची वाढीची जागा सांधेबंधापेक्षा कच्ची असते, त्यामुळे मोठ्यांची जी मुरगळ ती मुलात हाडाची इजा असू शकते.

आणि पाणी. एका बाजूला समुद्र, मध्ये मांडवी-जुवारी, गावोगाव तळी, डिचोली-सत्तरीकडे पाण्याने भरलेले खाणींचे खड्डे. शाळेत तरणतलाव नसतो, म्हणून पोहणं अभ्यासात नसतं. पण बुडणाऱ्याला बाहेरून कसं काढायचं हे कोरड्या अंगणातही शिकवता येतं. फक्कीने दोन रेषा मारायच्या, ८ मीटर अंतर, मधली नदी. चौघांचा गट. पाच लिटरच्या रिकाम्या कॅनमध्ये पेलाभर पाणी, म्हणजे तो वाऱ्यावर भरकटत नाही. त्याला १२ ते १५ मीटर दोरी. एक फेकतो, गुडघ्यावर बसून, म्हणजे ओढला जात नाही. दुसरा त्याला मागून कमरेला धरून ठेवतो. तिसरा नदीपलीकडे बुडणारा. चौथा मोजतो. फेक खालून हाताने, बुडणाऱ्याच्या खांद्यापलीकडे. अलीकडे पडलेला कॅन त्याच्या कामाचा नाही, पलीकडे पडला तर दोरी अंगावरून सरकत हातात येते. हुकली तर दोरी नीट गुंडाळत बसायचं नाही, भराभर ओढून पायाशी पाडायची आणि पुन्हा फेकायची. स्वतः उतरायचं नाही, हे प्रत्येक फेकीआधी मोठ्याने म्हणायचं. पाचांपैकी किती फेकी हातभर अंतरात पडल्या ते वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी एखाद-दुसरी पडते.

या तासात डिफेन्सला उभं राहायला जागा नसते. जो फेकत नाही तो धरून असतो, जो धरत नाही तो बुडत असतो, आणि बुडणाऱ्यालाही हात वर करून दोरी पकडावीच लागते. तास संपला की दोऱ्या कुंपणावर उन्हात टाकाव्यात; जून लागला असेल तर स्टाफरूमच्या पंख्याखाली, नाहीतर चवथीपर्यंत त्यांना बुरशी येते.